आक्काची शेळी आणि मुक्कामाची गाडी

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घही मला कधी नीट कळलं नाही. चौथीची परीक्षा झाली आणि मला शाळेतून काढलं, मग पाटीच्या जागी हातात खुरपं आलं. हे कुणाच्या वाचनात आलंच तर चुका पोटात घालाव्यात. बोलणं तर मला त्याहून जमत नाही. चार बायकांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागं सरते. पण आक्काला जाऊन महिना होऊन गेला, आणि मनातलं मनातच फिरत राहिलं तर एक दिवस विरून जाईल अशी भीती वाटायला लागली, म्हणून दुपारची भांडी झाल्यावर मुलीच्या वहीची कोरी पानं घेऊन बसले आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती गेल्याचं आम्हाला गाडीनंच कळलं. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तिला ठेवलं होतं. त्या संध्याकाळी गाडी आली, वळली, उभी राहिली. माणसं उतरली, बोचकी उतरली, पण आमचे हे उतरले नाहीत. कंडक्टर पोपटराव एरवी गाडी थांबायच्या आधी खाली उडी मारून हाळी देणारा माणूस. तो त्या दिवशी सगळ्यांच्या मागून उतरला आणि टोपी हातात धरून माझ्या दाराकडं यायला लागला. मी चुलीपुढून उठले. तो काही बोलायच्या आधीच मला कळलं... कारण इतक्या वर्षांत हे गाडीत नाहीत असं फार थोड्या वेळा झालं होतं, आणि का झालं नव्हतं तेच मला सांगायचं आहे.

आमचं गाव कापूरहोळहून आत, डोंगराच्या अंगाला. रेल्वे आमच्या भागात नाही. ती ज्यांनी पाहिली त्यांनी पुण्याला जाऊन पाहिली. आमच्याकडे येते ती एस.टी.ची मुक्कामाची गाडी. संध्याकाळी पुण्याहून निघते, शिवऱ्यावरून कापूरहोळला येते, तिथून फाट्यावर वळून आमच्या गावात येऊन झोपते. सकाळी कोंबडं आरवलं की परत पुण्याला. ड्रायव्हर-कंडक्टर चावडीत झोपत. उंबराखाली गाडी उभी राहायची आणि उंबराला लागूनच आक्काचं घर होतं. त्या जागेला आक्का 'ठेसन' म्हणायची आणि गाव तिला ठेसनमास्तरीण म्हणायचं. तिला कुणी नेमलं नव्हतं. पहाटे ड्रायव्हरला तोंड धुवायला कढत पाणी तीच द्यायची. कुणाचं औषध पुण्याहून आलं, मास्तरांचा पेपर आला, कुणाच्या पोरीनं सासरहून निरोप धाडला की तो तिच्या ओट्यावर उतरायचा आणि ज्याचा त्याला पोचायचा. कुणी धावत येत असलं तर ती गाडीच्या पुढं जाऊन उभी राहायची. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि ही म्हणायची, "वाजव. म्या काय बैल हाय बुजायला?"

ठेसन हा शब्द तिनं कुठून आणला ते मला लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी कळलं. आक्का तोवर एकदाच पुण्याला गेली होती, नवऱ्याला मुंबईच्या गाडीत बसवून द्यायला. माझे थोरले दीर ते. मी त्यांना पाहिलेलं नाही. तेव्हा आमच्या गावात एस.टी. नव्हती, कापूरहोळपर्यंत चालत जावं लागे. रेल्वेच्या ठेसनात तिनं लाल-हिरवी निशाणं धरलेला मास्तर पाहिला आणि त्यानं हिरवं दाखवल्यावर गाडी गेली. दीर आधी शिमग्याला आणि गणपतीला यायचे, मग एकदाच शिमग्याला, मग मनिऑर्डर यायची, मग तीही थांबली. तिकडं त्यांनी दुसरं घर केलं म्हणतात. आक्का त्याबद्दल कधी बोलली नाही. एकदाच, उंबराखाली झाडता झाडता म्हणाली, "शेवंता, रेल्वे मानूस घिऊन जाती. ही आपली गाडी बरी. मानूस आनून सोडती आन् सोता बी हितंच झोपती."

आता टप्प्याच्या पैशाचं सांगते. एस.टी.चं भाडं टप्प्यावर असतं आणि आमच्या आधीचा टप्पा फाट्याला संपतो. म्हणजे फाट्यावर बसलं तर पुण्याचं तिकीट दहा पैशांनी कमी पडतं. फाटा आमच्यापासून पाऊण तासाच्या वाटेवर. दहा पैशाला तेव्हा किंमत होती. ही युक्ती काढली आक्कानं. तिला नवरा नसल्यासारखाच, शेळी आणि चार कोंबड्यांवर घर चालवायचं, तेव्हा दहा पैसे वाचवायचे कसे हे तिच्याइतकं कुणाला कळणार? कापूरहोळच्या बाजाराला अंडी घेऊन जाताना ती फाट्यापर्यंत चालत जायची. तिचं पाहून पत्रावळी घेऊन जाणाऱ्या बायका चालायला लागल्या, मग दूधवाले, मग पुण्याला कामाला जाणारे पुरुष. हेसुद्धा. हे पुण्यात लाकडाच्या वखारीत कामाला होते. पहाटे गाव चालत निघायचं आणि मागून गाडी रिकामी यायची. संध्याकाळी उलटं. सगळं गाव फाट्यावर उतरायचं, गाडी दिवे लावून रिकामी पुढं जायची आणि तिच्या धुळीत मागून आम्ही सगळे. पोपटराव दारात उभा राहून म्हणायचा, "अवो बसा की, भुतं भरून नेतोय का म्या?" आणि बायका हसायच्या. त्यात काही चूक आहे असं कुणालाच वाटलं नाही. आमची गाडी, आमच्या गावात झोपते, ती कुठं जाणार?

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी एका संध्याकाळी गाडीमागोमाग जीपमधून एस.टी.चे साहेब आले. चावडीपुढं उभं राहूनच त्यांनी सांगितलं की पुढच्या महिन्यापासून गाडीचा मुक्काम कापूरहोळला राहील. गलका झाला. गाडी भरून जाते हो साहेब, उभं राहायला जागा नसते, असं सगळे सांगायला लागले. साहेब शांत माणूस होते. ते म्हणाले, "भरते ती फाट्यापासून. तुमच्या गावचं तिकीट कोण फाडतं ते सांगा." पोपटराव जमिनीकडं बघत होता. मग एकेक मान आक्काकडं वळली... ती उंबराला टेकून उभी होती. मी तिचा चेहरा पाहिला आणि माझी नजर खाली गेली. सरपंचांनी हातापाया पडून एक महिना मागून घेतला. महिनाभर गावच्या टप्प्याची तिकिटं दिसली तर बघू, असं साहेब म्हणाले.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले की वखारीच्या मुकादमानं माळ्यावर झोपायला जागा देतो म्हणून आधीच सांगितलं आहे. गाडी बंद झाली तर तिथं राहीन, पंधरा दिवसांनी येत जाईन. ते हे सहज बोलले. थोडं हलकं वाटून बोलले असंही मला वाटलं, कारण रोजची ती दगदग खरीच होती. मी भाकरी वाढली. माझी थोरली तेव्हा रांगत होती. पंधरा दिवसांनी... मग महिन्यानं... मग शिमग्याला. मला समोर आक्काच दिसायला लागली, भिंतीपलीकडं एकटी जेवणारी. मला बोलता येतच नाही. पण आमच्या दोन घरांच्या मधली भिंत कुडाची, इकडचं तिकडं ऐकू जायचं. पलीकडं वाटीचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायका डोक्यावर ओझी घेऊन निघाल्या तर आक्का वाटेत उभी. म्हणाली, हितंच बसा, गाडीत बसा. टप्प्याचं खूळ म्या काढलं, माझं चुकलं, आता मोडा ते. भागाबाई म्हणून पत्रावळीवाली होती, जिभेची फार तिखट. ती म्हणाली, "आन् वरचं धा पैसं कोन देनार? तुझा मुंबईवाला?"

असं तोंडावर तिला कधी कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, आक्का आता भांडेल किंवा रडेल. तिनं दोन्ही केलं नाही. "व्हय," म्हणाली, "त्योच दील. जाताना एक शेळी सोडून गेलाय. तेवढी तरी कामाला यिऊ दे." आणि कनवटीतून नाणी काढून तिनं भागाबाईच्या हातावर दहा पैसे ठेवले. भागाबाईनं ते घेतलेही. ती गाडीत चढली, मग बाकीच्या चढल्या.

आक्कानं आदल्या दिवशीच्या बाजाराची अंड्यांची मोड तेवढ्यापुरती वापरली होती. पुढच्या बाजाराला तिनं शेळी विकली. दुभती, चितकबरी, सबंध गावात उठून दिसणारी शेळी. महिनाभर ती सकाळ-संध्याकाळ उंबराखाली बसून ज्याला परवडत नाही त्याच्या हातावर दहा पैसे ठेवत होती. परवडणाऱ्यांनीही घेतले, माणसाचं असंच असतं. कधी माणसं कमी असली की ती स्वतः गाडीत बसून फाट्यापर्यंत जायची आणि चालत परत यायची. पोपटराव तिकीट फाडताना म्हणायचा, "मास्तरीणबाई, कुठं निगाला?" ती म्हणायची, "मुंबईला." आणि दोघंही हसायचे. मला वाटतं, तो शब्द तिनं असा हसण्यावारी वापरायला घेतला तेव्हाच त्यातलं विष गेलं असावं. नक्की मला सांगता येणार नाही.

महिन्याच्या शेवटी तपासनीस गाडीत बसून आला, गावात उतरला, सकाळी भरलेल्या गाडीतून परत गेला. गाडी राहिली. तोवर बायकांच्या पायांची फाट्याची सवयही मोडली होती. ओझं घेऊन पाऊण तास चालण्यापेक्षा दहा पैसे बरे, असं त्या आपणहून म्हणायला लागल्या.

पहाटे अंधारात जाणं, रात्री येणं, त्यामुळं शेळीचं ह्यांना उशिरा कळलं, मी सांगितलं तेव्हा. ऐकून ते उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन आले. आक्कानं त्यांना लहानपणापासून वाढवलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा हे नागडे फिरत होते असं ती सगळ्यांसमोर सांगायची. ती त्यांना ज्ञानू म्हणे. पगार झाल्यावर हे शेळीचे पैसे घेऊन तिच्या ओट्यावर गेले. मी मागं उभी होते. आक्कानं नोटांकडं पाहिलं पण हात पुढं केला नाही.

"एकदम नगं मला," ती म्हणाली. "घरात पैसा ऱ्हायला की खर्च हुतो. रोजची एक पावली दे. गाडीतनं उतारलास की हितं आनून द्यायाची. माज्या हातात."

"अगं वैनी, पावलीनं कवा फिटायचं?"

"मला घाई न्हाई," ती म्हणाली.

पावली म्हणजे चार आण्यांचं नाणं. ह्यांना हा आक्काचा विक्षिप्तपणा वाटला. मला त्यातलं कळायला थोडे दिवस लागले. संध्याकाळी गाडी यायची, हे उतरायचे, आधी तिच्या ओट्यावर जाऊन पावली द्यायचे, मग पलीकडं आमच्या दारात यायचे. ज्याला रोज चार आणे द्यायचे आहेत त्याला रोज यावं लागतं... हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही तिला कळलं म्हणून सांगितलं नाही. त्या पावल्यांचं ती काय करायची? मीठ-रॉकेल आणायची, ड्रायव्हर-कंडक्टरच्या सकाळच्या चहाची साखर आणायची. शेळी काही तिनं पुन्हा घेतली नाही.

दुष्काळाच्या वर्षी वखारीत काम फार होतं की कमी, मला ठाऊक नाही, पण एकदा हे तीन संध्याकाळी आलेच नाहीत. निरोप आला की काम आहे. काम थोडं असावं आणि सोबत्यांबरोबर सिनेमे जास्त, असं नंतर कळलं. चौथ्या दिवशी सकाळी मी पाण्याला गेले तेव्हा आक्काच्या दाराला कडी होती. मला वाटलं बाजाराला गेली. ती गाडीत बसून पुण्याला गेली होती, त्या ठेसनानंतर पहिल्यांदा. पुढचं मला पोपटरावानं सांगितलं, आक्कानं कधीच नाही. त्यानं तिला वाट दाखवायला एक ओळखीचा हमाल बरोबर दिला होता. ती वखारीच्या फाटकात जाऊन उभी राहिली. सगळे गडी बघताहेत, मुकादम विचारतोय कोण हवंय बाई. ही म्हणाली, "आमचा ज्ञानू. तीन दिसाच्या तीन पावल्या ऱ्हायल्यात त्याच्याकडं. वसुलीला आलीया." गडी हसले. मुकादमानं तर हसत हसत ह्यांना हाक मारून सांगितलं, बारा आण्यांसाठी तुझी सावकारीण आली आहे, आधी घरी जा. संध्याकाळी दोघं एकाच बाकावर बसून आले. पोपटराव म्हणाला की फाटा आल्यावर ह्यांनी स्वतःची दुपारची उरलेली भाकरी तिला दिली आणि तिनं ती खाल्ली.

घरी आल्यावर हे माझ्यावर चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले नाहीत. त्यानंतर असं कधी झालं नाही.

वर्षं गेली. शेळीचे पैसे केव्हाच फिटले होते, ह्यांचा हिशेब पक्का. त्यांनी तसं तिला सांगितलंही. आक्का सुपात तांदूळ निवडत होती, वर न बघता म्हणाली, "शेळी व्याली असती का न्हाई यवढ्या दिसांत? मग करडांचं कोन देनार?" हे हसले आणि देत राहिले. पुढं पुन्हा विचारलं तर म्हणाली, करडं काय तशीच ऱ्हात्यात व्हय, ती बी व्याली असतील. गावात त्याची थट्टा झाली. भागाबाई म्हणायची, "ज्ञानोबा, आता तुमच्या अंगावर सगळा कळप हाय." हे म्हणायचे, हाय बाबा. गाडीतून उतरताना त्यांचा हात आपोआप खिशात जायचा. कधी सुटे नसले तर पोपटरावाकडून मोडून घ्यायचे.

हे रोज घरी येत होते ते कशासाठी, हा विचार माझ्या मनात कधीमधी यायचा. माझ्यासाठी, पोरींसाठी, का त्या पावलीसाठी? ह्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही. आता वाटतं, विचारून काय मिळालं असतं? माणूस दारात येऊन चपला काढतो, पोरगी त्याच्या डब्यात काही उरलंय का बघते, तो माझ्या हातचं पाणी घेतो. आधी सवय लागते, मग त्या सवयीतच माया बसत असावी. माझ्या दुसऱ्या मुलीच्या वेळी मला फार त्रास झाला, तेव्हा हे रोज दोन तासांच्या गाडीतून उभ्यानं येऊन माझ्या उशाशी बसायचे. त्या वेळी त्यांना कुणाच्या पावलीची गरज होती असं मला वाटत नाही. तरी ते आधी ओट्यावर जायचे, आणि आक्का म्हणायची, "दे आन् पळ, ती वाट बगतीया." आक्काला लेकरू नव्हतं. माझ्या मुली तिच्याच अंगाखांद्यावर वाढल्या.

यंदा पावसाळा सरता सरता तिच्या पोटात दुखायला लागलं. बरेच दिवस तिनं ओवा खाऊन काढले. मग एका सकाळी ह्यांनी तिला गाडीत बसवलं. ड्रायव्हरनं गाडी चालू करून ठेवली होती आणि सगळं गाव उंबराखाली उभं होतं. ती खिडकीतून मला म्हणाली, कोंबड्या सोड. एवढंच. गाडी गेली, आणि मी कोंबड्या सोडायला गेले.

दवाखान्यात हे रोज काम सुटल्यावर तिच्याकडं जायचे, थोडं बसून मग गाडी गाठायचे. पावली तिथंही द्यायचे. ती उशाखाली ठेवायची आणि सकाळी झाडणाऱ्या बाईला चहाला द्यायची. गेली त्याच्या आदल्या दिवशी हे तिच्याजवळ बसले आणि उठेनात. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. त्यांनी ठरवलं होतं की आज रात्री इथंच राहायचं. आक्कानं दोनदा सांगितलं, गाडी जाईल. हे म्हणाले, जाऊ दे. मग तिनं ह्यांच्या मनगटाला धरून त्यांना जवळ ओढलं.

"ज्ञानू, शेळीचं फिटलं," ती म्हणाली. "करडांचं बी फिटलं. आता माजं तुज्याकडं काय न्हाई. ऊठ, शेवंता जेवायची थांबली आसंल."

ह्यांनी रोजच्यासारखी पावली काढून तिच्या तळहातावर ठेवली तर तिनं ती परत ह्यांच्याच मुठीत घातली आणि मूठ मिटून दिली.

हे सगळं त्यांनी मला त्याच रात्री सांगितलं. पोपटरावानं घंटीची दोरी न ओढता वाट पाहिली म्हणून गाडी मिळाली होती. ओटा आक्काला नेल्यापासून रिकामाच होता, हे सरळ दारात आले. मी पाणी दिलं तर ते घेतलं नाही. मग मूठ उघडून मला पावली दाखवली आणि म्हणाले, "घेतली न्हाई. समदं फिटलं म्हनाली."